आधी मोजावे, मग बदलावे : फ्युएल प्रेशर रेग्युलेटरच्या गळतीविषयी

बॉनेटच्या फटीतून पेट्रोलचा वास येऊ लागला, सकाळी एका सेल्फमध्ये चालू होणारी गाडी दुपारी गरम असताना चार-चार वेळा सेल्फ मारल्याशिवाय दाद देईनाशी झाली, सायलेन्सरमधून काळसर धूर दिसू लागला आणि लिटरमागे मिळणारे अंतर ध्यानात येण्याइतके घटले, म्हणजे बहुतेक मालक प्रथम प्लग बदलतात, त्याने गुण आला नाही तर इंजेक्टर साफ करवितात आणि त्यानेही भागले नाही तर पंप बदलण्याच्या तयारीला लागतात. आणि या साऱ्या खर्चाच्या मुळाशी असलेली, मुठीत मावेल एवढी पत्र्याची डबी मात्र जागच्या जागी गळत राहते. या डबीला फ्युएल प्रेशर रेग्युलेटर म्हणतात. ती बदलणे हे काम फार अवघड नाही; परंतु दोष तिचाच आहे याची खातरजमा करणे आणि पेट्रोलशी व्यवहार करताना ठरलेला क्रम कोठेही न मोडणे, या दोन गोष्टींना शिस्त लागते, आणि ती शिस्त वाचकांच्या हाती द्यावी एवढाच या लेखाचा हेतू आहे.

तळोज्यासारख्या वसाहतीत या विषयाला विशेष निकड आहे. दिवा-पनवेल लोहमार्गावरचे स्थानक येथे पूर्वीपासून आहे, १७ नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर ते पेंधर मेट्रोही धावू लागली. तथापि औद्योगिक क्षेत्रात रात्रपाळी करणाऱ्याला किंवा आडवेळी कळंबोली-पनवेल गाठावे लागणाऱ्याला स्वतःच्या वाहनावाचून अद्याप तरणोपाय नाही, आणि ते वाहन पुष्कळदा दुसऱ्या हाताचे, दहा-पंधरा वर्षे चाललेले असते. मुंब्रा-पनवेल महामार्गावर टँकर आणि ट्रेलर यांच्या रांगेत अशी मोटार दीर्घकाळ नुसती चालू स्थितीत उभी राहते. इंजिन मंद गतीने चालत असताना त्याच्या इनटेक मॅनिफोल्डमधील पोकळी बरीच प्रबळ असते, आणि रेग्युलेटरचा पडदा फाटलेला असेल तर तीच पोकळी त्या भेगेतून पेट्रोल ओढून घेते. म्हणून मोकळ्या रस्त्यावर सुरळीत धावणारी गाडी येथल्या रांगेत उभी राहिली की थरथरू लागते, आणि मालकाला मात्र हा दोष रहदारीचा वाटतो.

यंत्राची घडण

कार्ब्युरेटरच्या काळात, म्हणजे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची पद्मिनी मुंबईच्या रस्त्यांवर सर्वत्र दिसत होती त्या काळात, इंजिनावर बसविलेला यांत्रिक पंप अगदी अल्प दाबाने पेट्रोल पुरवी. १९६७ साली बॉश कंपनीने फोक्सवॅगनच्या मोटारीत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची पद्धत आणली, आणि आपल्याकडे २००० सालापासून धुराविषयीचे निर्बंध उत्तरोत्तर कडक होत गेले तसतशी तीच पद्धत साध्या कुटुंबाच्या मोटारीपर्यंत पोचली. या पद्धतीत पेट्रोलचा दाब जुन्या पद्धतीच्या जवळजवळ दसपट असतो. साहजिकच पूर्वी जी गळती थेंबाथेंबाने होई ती आता फवाऱ्याने होऊ शकते.

टाकीतला विजेचा पंप इंजिनाला लागते त्याहून कितीतरी अधिक पेट्रोल सतत पुढे लोटतो. ते फिल्टरमधून फ्युएल रेल नावाच्या नळीत येते आणि तेथून प्रत्येक सिलिंडरच्या इंजेक्टरपाशी पोचते. इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा राहावा एवढेच गाडीचा संगणक ठरवितो. त्या अवधीत किती पेट्रोल बाहेर पडेल हे इंजेक्टरच्या दोन तोंडांमधल्या दाबाच्या फरकावर अवलंबून असते, आणि तो फरक कायम आहे असे गृहीत धरूनच संगणकाचा सारा हिशेब मांडलेला असतो. ते गृहीत खरे ठेवण्याची जबाबदारी रेग्युलेटरची. त्याच्या डबीत मधोमध एक रबरी पडदा, म्हणजे डायफ्रॅम, ताणून बसविलेला असतो. पडद्याच्या एका अंगाला रेलमधले पेट्रोल असते, तर दुसऱ्या अंगाला एक स्प्रिंग आणि मॅनिफोल्डकडून बारीक व्हॅक्यूम पाइपाने येणारी पोकळी. दाब मर्यादेपलीकडे गेला की पडदा मागे सरतो, झडप उघडते आणि अधिकचे पेट्रोल रिटर्न पाइपाने टाकीकडे परतते. धरणाच्या सांडव्यावरून जादा पाणी निघून गेल्याने जलाशयाची पातळी स्थिर राहावी, तसाच हा बंदोबस्त आहे.

या घडणीच्या अनेक मोटारींत इंजिन बंद व पंप चालू असताना रेलमधला दाब सुमारे अडीच ते तीन बार भरतो. गॅरेजमध्ये त्यालाच अडीच-तीन किलो प्रेशर म्हणतात. इंजिन मंद गतीने चालू लागले की पोकळीच्या ओढीमुळे तो सुमारे अर्ध्या बारने उतरतो, आणि व्हॅक्यूम पाइप काढला की पुन्हा तेवढाच चढतो. हा चढउतार हेच रेग्युलेटरच्या आरोग्याचे पहिले प्रमाण होय. नेमका आकडा प्रत्येक गाडीचा निराळा असल्यामुळे तो त्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्यावा, ऐकीव माहितीवर विसंबू नये.

आपल्या मोटारीत हा भाग कोठे आहे हे पाहिल्यावाचून पुढे जाऊ नये. रेलच्या टोकाशी व्हॅक्यूम पाइप जोडलेली डबी आणि तिच्यापासून टाकीकडे परतणारा दुसरा पाइप दिसत असेल, तर हा लेख त्या मोटारीला तंतोतंत लागू आहे. रेलला एकच पाइप येत असेल आणि परतीचा पाइप नसेल, तर रेग्युलेटर टाकीतच, पंपाच्या सोबत बसविलेला आहे असे समजावे. तो गळला तर पेट्रोल टाकीतच पडते, काळा धूर येत नाही, फक्त दाब टिकत नाही, आणि ते काम टाकी उघडण्याचे असल्याने अनुभवी कारागिराकडेच द्यावे. रेलवर कधीकधी दाबाचे हेलकावे शमविणारा डॅम्पर असतो व तो दिसायला रेग्युलेटरसारखाच असतो. त्याच्यातही पडदा असून तोही फाटू शकतो, म्हणून दोहोंत गल्लत करू नये.

येथे दोन इशारे देणे कर्तव्य आहे. नवी मुंबईत सीएनजीवर चालणाऱ्या गाड्या विपुल आहेत, आणि त्यांच्यातही रेग्युलेटर नावाचा भाग असतो. परंतु सिलिंडरकडून त्याच्याकडे येणारा वायू सुमारे २०० बार दाबाचा असतो, त्यामुळे त्याला घरी हात लावण्याची मुभा कोणीही घेऊ नये. डिझेलच्या कॉमन रेल इंजिनात तर दाब हजार बारच्याही पलीकडे जातो आणि त्या दाबाची केसासारखी बारीक चिळकांडीसुद्धा कातडी भेदून आत शिरते. तेथे पाइपाचा एक नटसुद्धा सैल करू नये. पुढील सर्व विवेचन केवळ मॅनिफोल्डमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजेक्शनच्या मोटारींपुरते आहे.

गळतीचे तीन प्रकार

पहिला प्रकार पडदा फाटण्याचा. यात पेट्रोल व्हॅक्यूम पाइपातून मॅनिफोल्डमध्ये शिरते आणि संगणकाने न मागितलेले इंधन इंजिनाला मिळत राहते. मंद गतीला इंजिन अडखळते, प्लगवर कोरडी काजळी धरते, धूर काळा येतो. गाडी बंद केल्यावर रेलमध्ये उरलेल्या दाबाने पेट्रोल मॅनिफोल्डमध्ये झिरपून साचते, म्हणून गरम इंजिन पुन्हा चालू होताना त्रास देते, आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला तर पुष्कळदा चालू होते. न जळलेले पेट्रोल पिस्टनच्या बाजूने खाली उतरून ऑइलमध्ये मिसळते, ऑइल पातळ होते आणि बेअरिंगांचे संरक्षण करण्याचे त्याचे सामर्थ्य घटते. तेच पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळते आणि त्याचा आतला सिरॅमिक गाभा वितळवू शकते. एका लहानशा पडद्याकडे केलेली हयगय अशी दोन महागड्या भागांच्या नाशाला कारण होते.

दुसरा प्रकार बाहेरच्या गळतीचा. रेग्युलेटर रेलमध्ये ज्या ओ-रिंगवर बसतो ती कडक होते, चिरते, किंवा रिटर्न पाइप त्याच्या क्लिपपाशी तडकतो, आणि पेट्रोल गरम इंजिनावर पडते. हा प्रकार आढळला तर गाडी तपासासाठीसुद्धा चालू करू नये. ती जागेवरच ठेवून किंवा ओढून नेऊन दुरुस्त करावी.

तिसरा प्रकार आतल्या झडपेचा. झडप नीट बसेनाशी झाली की गाडी बंद केल्यावर दाब टाकीकडे ओसरतो, आणि सकाळी रेल भरेपर्यंत सेल्फ लांबत जातो. येथे ना वास येतो ना धूर. म्हणूनच हा प्रकार पंपाच्या माथी मारला जातो.

रबर जुने होणे हे या तिन्ही प्रकारांच्या मागचे सामान्य कारण आहे. इंजिनाची उष्णता वर्षानुवर्षे त्याला कडक करते, कोकणपट्टीची दमट हवा क्लिपा आणि लोखंडी पाइप गंजविते, आणि २०२३ च्या फेब्रुवारीपासून पंपांवर येऊ लागलेले २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल ज्यांच्यासाठी बनविलेले नव्हते अशा जुन्या मोटारींच्या रबरी भागांवर अधिक भार टाकते. दहा वर्षांहून जुन्या मोटारीच्या मालकाने पेट्रोलचे रबरी पाइप वर्षातून एकदा तरी बोटांनी दाबून, वाकवून, बारकाईने पाहण्याचा परिपाठ ठेवावा.

कामाला हात घालण्यापूर्वी

पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंश सेल्सिअसवरही पेट घेऊ शकते, ती हवेपेक्षा तिपटीहून जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते आणि खळगा शोधून तेथे साचते. तळोज्यातल्या पुष्कळ इमारतींत गाड्या इमारतीखालच्या स्टिल्टमध्ये उभ्या असतात आणि त्याच स्टिल्टमध्ये विजेचे मीटर व पाण्याच्या पंपाचे स्टार्टर बसविलेले असतात. पंप आपोआप चालू होताना स्टार्टरमध्ये उडणारी एक ठिणगी पुरेशी आहे. म्हणून हे काम स्टिल्टमध्ये, तळघरात किंवा बंद गॅरेजमध्ये कदापि करू नये. उघड्या, सपाट आणि वाहत्या हवेच्या जागी, इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, दिवसाउजेडी करावे. जवळ कोरड्या पावडरचे अग्निशामक नळकांडे ठेवावे, पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतू नये. डोळ्यांवर गॉगल, हातांत नायट्राइलचे मोजे घालावेत. विडी-सिगारेट, उघडा बल्ब, ग्राइंडर यांना आसपास मज्जाव करावा, आणि मदतीला आणखी एक जाणता माणूस असावा.

त्यानंतर दाब उतरवावा. फ्युएल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढावा, गाडी चालू करून रेलमधले पेट्रोल संपून ती आपोआप बंद पडू द्यावी, आणि पुन्हा दोन-तीन सेकंद सेल्फ मारून उरलेला दाब घालवावा. टाकीचे झाकण क्षणभर उघडून वाफेचा दाब जाऊ द्यावा. मगच बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी. बाहेरची गळती असलेल्या गाडीत मात्र इंजिन चालू करण्याची ही रीत वर्ज्य. तेथे फ्यूज आणि बॅटरीची तार काढून, गाडी काही तास थंड होऊ देऊन, जोडावर जाड फडके गुंडाळून तो अगदी सावकाश सैल करावा.

तपासाची पद्धत

वासावरून आणि धुरावरून मनात संशय बाळगावा, निकाल देऊ नये. पेट्रोल जास्त जाण्याची कारणे अनेक आहेत : गळका इंजेक्टर, चुकीचे तापमान सांगणारा कूलंट सेन्सर, थकलेला ऑक्सिजन सेन्सर, कोळशाच्या डब्याकडची उघडी राहिलेली पर्ज झडप, एवढेच काय, कोंदलेला एअर फिल्टरसुद्धा. म्हणून तपास सोप्याकडून अवघडाकडे न्यावा.

सर्वांत सोपी परीक्षा अशी की गाडी काही मिनिटे चालवून बंद करावी आणि रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप ओढून त्याचे तोंड पाहावे. पाइप आतून कोरडा असावा. त्यात पेट्रोलचा ओलावा असेल, किंवा त्याच्या टोकाखाली धरलेला पांढरा कागद ओला होत असेल, तर पडदा फाटला याविषयी संशय उरत नाही. पाइप कोरडा असला तरी पडदा निर्दोष ठरत नाही. बारीक भेग दाबाखालीच उघडते. हातपंपाने व्हॅक्यूम देणारे साधन गॅरेजमध्ये मिळाल्यास इंजिन बंद असतानाच रेग्युलेटरच्या त्या तोंडाला सुमारे अर्ध्या बारची पोकळी लावून पाहावी. काटा स्थिर राहिला तर पडदा अखंड, हळूहळू परतला तर फुटका.

दुसरी पायरी स्कॅनरची. गाडीचा संगणक इंधनाचा हिशेब सतत दुरुस्त करीत असतो आणि ती दुरुस्ती फ्युएल ट्रिम या नावाने स्कॅनरवर टक्क्यांत दिसते. आकडा शून्याजवळ असावा. तो उणे दहा किंवा त्याखाली स्थिरावला, तर संगणक इंधन सातत्याने कापीत आहे असा त्याचा अर्थ. मंद गतीला हा आकडा फार खाली आणि वेग वाढविल्यावर शून्याकडे येत असेल, तर संशय पडद्याकडे वळतो, कारण गळती तेवढीच राहून इंजिनाची एकूण मागणी वाढलेली असते. मिश्रण जास्त समृद्ध झाल्याचा पी-०१७२ हा कोड मिळाला तरी तो दोषाचे नाव सांगत नाही, केवळ परिणाम सांगतो. कोड पाहून सुटा भाग विकत घेणे म्हणजे साक्ष न काढता शिक्षा फर्माविणे होय.

तिसरी आणि निर्णायक पायरी दाबमापकाची. आपल्याकडच्या अनेक मोटारींत रेलवर मापक लावण्यासाठी स्वतंत्र तोंड नसते, म्हणून वर सांगितल्याप्रमाणे दाब उतरवून, टाकीकडून येणाऱ्या पाइपात टीच्या आकाराचा जोड देऊन मापक बसवावा लागतो. मापक बसला की फ्यूज व बॅटरीची तार पूर्ववत करून, प्रथम केवळ किल्ली फिरवून सर्व जोड कोरडे असल्याची शहानिशा करावी. त्यानंतर चार नोंदी कागदावर घ्याव्यात : किल्ली चालू व इंजिन बंद असतानाचा दाब, मंद गतीचा दाब, व्हॅक्यूम पाइप काढून त्याचे मॅनिफोल्डकडचे तोंड बोटाने बंद केल्यावरचा दाब, आणि इंजिन बंद केल्यावर पाच मिनिटांनी उरलेला दाब. पाइप काढल्यावर दाब मुळीच न चढल्यास प्रथम त्या पाइपात पोकळी येते आहे ना, तो चिरलेला वा तुंबलेला नाही ना, हे पाहावे. पोकळी ठीक असूनही काटा हलत नसेल तर रेग्युलेटर काम करीत नाही. पहिल्या तिन्ही नोंदी मॅन्युअलहून वर असतील तर झडप अडकली आहे किंवा रिटर्न पाइप तुंबला आहे. खाली असतील तर झडप उघडी राहते आहे, फिल्टर कोंदला आहे किंवा पंप थकला आहे.

पाच मिनिटांत दाब कोसळत असेल, तर तो कोठून जातो हे शोधण्याची युक्ती अशी की पंप थांबताच रिटर्नचा रबरी पाइप योग्य क्लॅम्पने हलकेच चिमटावा. दाब टिकला तर दोष रेग्युलेटरच्या झडपेचा. टिकला नाही तर पुन्हा दाब भरून, पंप थांबताच टाकीकडून येणारा पाइप मापकाच्या अलीकडे चिमटावा. आता टिकला तर पंपामधली उलट प्रवाह रोखणारी झडप दोषी. दोन्ही चिमटूनही दाब गेला तर इंजेक्टर गळत आहेत किंवा पडदा फाटला आहे, आणि व्हॅक्यूम पाइपाचे तोंड पाहून त्या दोहोंतला निवाडा करावा. क्लॅम्प केवळ रबरी पाइपाला लावावा, नायलॉनचा पाइप चिमटल्यास तडकतो. आणि पंप चालू असताना रिटर्न पाइप कधीही बंद ठेवू नये, कारण दाब मर्यादा ओलांडून जोड उखडू शकतो.

बदलण्याचा क्रम

नवा रेग्युलेटर घेताना जुन्यावरचा पार्ट नंबर आणि दाबाचा आकडा दोन्ही जुळवून घ्यावेत. आकार तोच पण दाब निराळा असलेले रेग्युलेटर बाजारात सर्रास असतात. असा भाग नीट बसतो, गळत नाही, आणि इंजिनाचा हिशेब मात्र कायमचा बिघडवितो. त्यासोबत नव्या ओ-रिंगा, रिटर्न पाइपाच्या नव्या क्लिपा आणि पेट्रोलने भिजलेला व्हॅक्यूम पाइप असल्यास तोही नवा घ्यावा. नळकामाच्या दुकानातली साधी रबरी रिंग आकाराने जुळली तरी चालणार नाही, ती पेट्रोलने फुगते. इंधनासाठीच बनविलेली, व्हिटॉनसारख्या रबराची रिंगच हवी. पाइप बदलायचा तर इंजेक्शनच्या दाबाला चालणारा, अंगावर तशी खूण छापलेला घ्यावा. मीटरवर मिळणारा स्वस्त पारदर्शक पाइप या दाबापुढे टिकत नाही.

दाब उतरवून आणि बॅटरी सोडवून झाल्यावर रेलभोवतीची धूळ प्रथम पुसून घ्यावी, म्हणजे ती उघड्या तोंडातून आत जाणार नाही. व्हॅक्यूम पाइप काढावा. रिटर्न पाइपाखाली फडके व लहान भांडे ठेवून क्लिप सैल करावी आणि पाइप ओढण्याऐवजी पिळून मोकळा करावा. मग रेग्युलेटर धरून ठेवणारे दोन बोल्ट, किंवा काही गाड्यांत असलेली सर्क्लिप, काढून डबी किंचित फिरवीत सरळ रेषेत बाहेर घ्यावी. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नये, रेलचे तोंड ओरखडले तर नवी रिंगही गळेल. जुनी ओ-रिंग डबीबरोबर बाहेर आली की नाही हे आवर्जून पाहावे. ती रेलच्या तोंडात चिकटून राहिली आणि तिच्यावर दुसरी बसविली गेली, तर दुरुस्तीच गळतीचे कारण होते.

रेलचे तोंड धागे न सुटणाऱ्या स्वच्छ फडक्याने पुसावे. नव्या रिंगेला स्वच्छ इंजिन ऑइलचे एक बोट लावावे; सिलिकॉन किंवा कोणतेही सीलंट लावू नये, कारण त्याचे तुकडे सुटून इंजेक्टरमध्ये अडकतात. डबी हाताने सरळ दाबून पूर्ण बसली की बोल्ट आधी हाताने लावावेत आणि मग मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच आवळावेत; हे बोल्ट लहान असून बहुधा सुमारे १० न्यूटन-मीटर एवढ्यावरच समाधान मानतात, आणि अ‍ॅल्युमिनियममधले आटे अधिक जोर सहन करीत नाहीत. रिटर्न पाइप व व्हॅक्यूम पाइप पूर्ववत जोडावेत.

आता घाई करू नये. सांडलेले पेट्रोल पूर्ण सुकल्यावर आणि ओली फडकी दूर नेल्यावर पंपाचा फ्यूज लावावा, बॅटरी जोडावी, आणि इंजिन न चालविता किल्ली दोन-तीन सेकंद चालू करून बंद करावी. असे तीन-चार वेळा केले की पंप रेल भरतो. किल्ली फिरविणाऱ्याने त्या वेळी बॉनेटपाशी उभ्या असलेल्या सहकाऱ्याला विजेरीच्या उजेडात प्रत्येक जोड पाहायला सांगावे. एकही थेंब दिसला तर किल्ली बंद, दाब पुन्हा उतरवायचा, आणि काम प्रथमपासून. सर्व कोरडे असेल तरच गाडी चालू करावी, त्या चार नोंदी पुन्हा घ्याव्यात, आणि मापक काढल्यानंतर, गाडी तापल्यानंतर व दुसऱ्या दिवशी सकाळी जोड पुन्हा पाहावेत.

कामानंतरची कर्तव्ये

पडदा फाटलेल्या गाडीचे ऑइल बदलल्याखेरीज दुरुस्ती पुरी झाली असे मानू नये. ऑइलची पट्टी काढून पाहावी. पातळी वाढलेली असेल किंवा ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर ऑइल आणि त्याचा फिल्टर दोन्ही ताबडतोब बदलावेत. काजळलेले प्लग साफ करावेत किंवा बदलावेत. स्कॅनरने जुना कोड पुसून आठवडाभराने फ्युएल ट्रिम पुन्हा पाहावा.

याच टप्प्यावर पीयूसी केंद्राचा अल्प खर्चात उपयोग करून घेता येतो. भारत स्टेज चार दर्जाच्या पेट्रोल मोटारीला मंद गतीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बनची २०० पीपीएम आहे. दुरुस्तीपूर्वीच्या व नंतरच्या दोन चिठ्ठ्यांतले आकडे समोरासमोर ठेवले, की मिश्रण सुधारले किंवा नाही हे कोणाच्या शब्दावर न विसंबता कळते. दुरुस्तीनंतरही आकडा चढाच राहिला तर कन्व्हर्टरला इजा पोचली असण्याचा विचार करावा. प्रमाणपत्राशिवाय गाडी चालविल्यास २०१९ च्या दुरुस्त कायद्याप्रमाणे दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, ही बाबही लक्षात असू द्यावी.

उरलेल्या पेट्रोलची आणि ऑइलची व्यवस्था हा कामाचाच भाग आहे. निघालेले पेट्रोल स्वच्छ असेल तर गाळून टाकीत परत घालावे. जुने ऑइल झाकणबंद डब्यात भरून वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे. भिजलेली फडकी उघड्यावर पसरून पूर्ण वाळवावीत, गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. यातले काहीही गटारात ओतू नये. येथली गटारे आणि नाले अखेर कासाडी नदीकडे जातात, आणि त्या नदीने कारखान्यांचे पुष्कळ सोसले आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये रंगद्रव्याने निळी पडलेली तळोज्याची कुत्री साऱ्या देशाने पाहिली. कारखान्यांना जाब विचारणाऱ्या नागरिकाने स्वतःच्या डबाभर ऑइलचाही हिशेब चोख ठेवावा, तरच त्याच्या तक्रारीला वजन येते.

ज्यांना हे काम स्वतः करावयाचे नाही त्यांनी ते निःशंकपणे कारागिराला द्यावे. परंतु देताना एक आग्रह धरावा. जुना भाग काढण्यापूर्वी दाबाच्या चार नोंदी आणि नवा बसविल्यानंतरच्या चार नोंदी बिलावरच लिहून मागाव्यात, व बदललेला जुना भाग परत घ्यावा. चांगल्या मेकॅनिकला ही मागणी जाचक वाटत नाही, कारण मापक लावण्यास लागणारा वेळ त्याला पुढच्या दहा तर्कांपासून वाचवितो. आणि जो मोजण्यास नकार देऊन थेट पंप, इंजेक्टर किंवा रेग्युलेटर बदलण्याचा सल्ला देतो, त्याच्याकडून गाडी परत घ्यावी आणि ती मोजणाऱ्याकडे न्यावी. ते आठ आकडे गाडीच्या कागदपत्रांत जपून ठेवावेत. पुढे कधी इंजिनाची तक्रार उद्भवली तर त्या गाडीचा निरोगी दाब किती होता याचा तेवढाच अस्सल दाखला हाती असतो, आणि तपास अंदाजापासून सुरू करावा लागत नाही.